अकराबंदी

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या बाराबंदीचा एक बंद तिच्या मुठीत होता आणि तिची पाच बोटं त्याच्या गालावर.

संक्रांतीच्या आदल्या दिवसाची दुपार होती. सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता नुकत्याच पडलेल्या, आणि सगळं सोलापूर जणू गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर येऊन सांडलेलं. जिकडं बघावं तिकडं पांढरंशुभ्र. पांढरी धोतरं, पांढऱ्या बाराबंद्या, छातीवर फुलपाखरासारख्या बांधलेल्या बारा-बारा बंदांच्या गाठी. त्या पांढऱ्या गर्दीत निळा पंजाबी ड्रेस आणि पायात स्पोर्ट शूज घातलेली एक मुलगी रेवड्या खात उभी होती. रेवड्या नुसत्या नावाला! डोळे सगळे लोकांच्या हातांवर.

ही पोलीस उपनिरीक्षक उत्कर्षा मेटकरी. वय पंचवीस, नोकरी परिविक्षेवर, म्हणजे अजून कायम न झालेली, आणि शहराच्या गुन्हे शोध पथकात येऊन झालेले दिवस नऊ. मंगळवेढ्याच्या पार खालच्या टोकाला, जिथं दोन बांध ओलांडले की कर्नाटक लागतं, तिथल्या मेंढरंवाल्यांच्या घरातली पोर. दीडशे मेंढरांतून आपलं कोणतं आणि चुलत्याचं कोणतं हे ती लहानपणी बांधावरून सांगायची. त्याच नजरेवर आपण गर्दीतून चोर वेचून काढू, असं तिनं दहावीतच ठरवून टाकलेलं. साध्या वेशात फिरायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, आणि नेमक्या क्षणी झडप घालायची... या एका स्वप्नावर तिनं स्पर्धा परीक्षेची तीन वर्षं काढली होती.

तो नेमका क्षण आला, असं तिला वाटलं.

माढ्याकडून आलेली गोजरबाई नावाची एक म्हातारी गर्दीतच मटकन खाली बसली आणि गळा चाचपत रडायला लागली. तिची बोरमाळ गेली होती. उत्कर्षानं रेवड्या टाकल्या, भोवती नजर फिरवली. चार पावलांवर, मोठ्या पाळण्याच्या आडोशाला, पाठमोरा एक उंच तरुण फोनवर बोलत होता. एक कान हातानं झाकलेला. आवाज अगदी दबका.

"सर नन् कडे, अव्वा. चिंती माडब्याड."

आता उत्कर्षाच्या आजीचं, मायाक्काचं, माहेर पलीकडचं. आजी गळ्यातल्या कुठल्याही माळेला 'सर' म्हणायची. उत्कर्षाचं सगळं कन्नड आजीच्या मांडीवरचं, म्हणजे अर्धंमुर्धं. तिच्या कानात ते वाक्य शिरलं ते असं: सर माझ्याकडे आहे, आई. काळजी करू नकोस.

झालं. तिनं त्याला मागून छातीशी हात घालून वळवलं. फट्‌कन काहीतरी फाटल्याचा आवाज आला.

"सर काढ."

तो बघतच राहिला. "कुठले सर?"

"जास्त शहाणपणा नको. सर कुठंय?"

"घरी गेले असतील की. एवढ्या उन्हात कशाला थांबतील?"

"कुणाकडं दिलास?"

"सर कुणाकडं देतात होय ओ, ताई?"

भोवतीचे लोक फस्सकन हसले. तेवढंच झालं. त्या हसण्यानं तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, आणि तिचा हात उठला. आवाज असा झाला, की पाळण्यातली पोरंसुद्धा खाली वाकून बघायला लागली. त्यानं हात वर केला नाही. गालाला हातही लावला नाही. फक्त डोळे तेवढे एकदा मिटले आणि उघडले. मोठे डोळे होते. पापण्या लांब... आणि एवढं सगळं त्या घाईत आपल्याला दिसलं कसं, याची लाज तिला पुढं कितीतरी दिवस पुरली.

चाळीस मोबाइल वर झाले होते.

जत्रेतल्या पोलीस चौकीत सगळा उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. गोजरबाईंनी पाणी प्यायल्यावर तंबाखूसाठी कमरेची चंची सोडली, आणि सुपारीच्या खांडांबरोबर बोरमाळ बाहेर आली. गर्दी बघून त्यांनी स्वतःच ती काढून आत सारली होती. "हितंच हाय की गं बाय," त्या म्हणाल्या, "मीच ठिवली व्हती." एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला आणि गेल्यासुद्धा.

उरला तो. त्याचं नाव मल्लिनाथ उमराणी. राहायला सोलापुरात, नोकरी वळसंगच्या पुढच्या एका शाळेत, गणिताचा शिक्षक, अजून कायम नाही. फोनवरचे 'सर' म्हणजे त्याचे मुख्याध्यापक बापूसाहेब. त्याला कायम करायचं की नाही हे संस्था लवकरच ठरवणार होती, आईनं काळजीनं फोन केला होता, आणि तो एवढंच सांगत होता की सर माझ्या बाजूनं आहेत. कडे म्हणजे जवळ, आणि कडे म्हणजे बाजूनंही. एवढासा शब्द.

उत्कर्षाची नजर त्याच्या बोटांवर गेली. नखांत खडूची पांढरी धूळ होती. मघाशीही असणारच. लोकांचे हात बघायला उभी राहिलेली मुलगी नेमके हेच हात बघायला विसरली होती.

निघताना त्यानं मान खाली घालून छातीवरचे बंद मोजले. गालावर वळ तसेच.

"अकरा," तो म्हणाला. "अकराबंदी झाली ही, मॅडम."

कुणी हसलं नाही. माफ करा, हे दोन शब्द तिच्या गळ्यापर्यंत आले, पण चौकीत चार जण उभे होते, चौघेही तिच्याकडं बघत होते, आणि तिच्या तोंडून निघालं ते, "जा तुम्ही." मग तिनं वही ओढली आणि आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली: संशयावरून ताब्यात घेतले, चौकशी करून सोडून दिले. लिहिताना मूठ उघडली तेव्हा तळहातावर घामानं भिजलेला तो बंद होता.

वीतभर पांढरी पट्टी. तिनं ती खिशात घातली. टाकवेना.

तो व्हिडिओ रात्रीत पसरला. चौकीतलं कुणी चित्रित केलं नव्हतं, चंचीही नव्हती, तिळगूळही नव्हता. होती फक्त निळ्या ड्रेसमधली मुलगी, "सर काढ" आणि चपराक. खाली कुणीतरी लिहिलं, सोलापूरची वाघीण. सकाळी चहाच्या टपरीवर लोक उठून तिला जागा द्यायला लागले. कॉलेजच्या पोरी सेल्फी मागायला लागल्या. गावाकडनं आईचा फोन आला, सगळ्या वस्तीनं व्हिडिओ बघितला, लई भारी धरलीस म्हणत होते. आईच्या हातून आजीनं फोन घेतला.

"कुनाचं पोरगं गं त्ये?" मायाक्कानं विचारलं. "तू मारलीस, पर त्येनं हात बी उचलला न्हाय. चोर असा उभा ऱ्हात न्हाय बाई."

उत्कर्षानं रेंज नाही असं खोटंच सांगून फोन ठेवला. मग तोच उजवा हात नळाखाली धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. जेवताना घास त्याच हातानं घ्यायचा, सॅल्यूट त्याच हातानं करायचा, आणि कौतुक करणारे लोक हातात घेऊन हलवायचे तोही तोच हात. तिला वाटायचं, कुठंतरी काढून ठेवावा.

पत्ता नोंदवहीत होता, पण दारात जायचं धाडस होईना. सकाळी सातच्या गाडीनं तो शाळेला जातो, एवढं कळलं. मग तिनं काय केलं असेल? पाठलाग! पहिल्या दिवशी एसटी स्टँडवर वर्तमानपत्राआड, दुसऱ्या दिवशी खांबामागं, तिसऱ्या दिवशी पुन्हा खांबामागं. गुन्हेगाराच्या मागावर पोलीस, हे सगळ्या दुनियेला माहीत आहे. इथं गुन्हेगारच पोलीस होती आणि माफीचे दोन शब्द घेऊन एका सरळ माणसाच्या मागावर होती.

तिसऱ्या दिवशी खांबाच्या त्या बाजूनं एक चहाचा कप पुढं आला.

"तीन दिवस उभ्या आहात," तो म्हणाला. "आता माझ्याकडं काय आहे असं वाटतंय?"

तिच्या हातातलं वर्तमानपत्र उलटं होतं. त्यानं ते हळूच सुलटं करून दिलं. ती काहीतरी पुटपुटली... माफी, चूक, कन्नड, आजी, असं सगळं एकात एक. त्यानं चहा पिऊन होईपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही पण मला एक मारा," शेवटी ती म्हणाली. "खरंच. इथंच."

"गणितात तसं चालतं. एका बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूला करायचं, की समीकरण सुटतं." त्यानं कप ठेवला. "माणसांचं सुटत नाही ओ तसं. आणि तुमचा गाल..."

"काय माझा गाल?"

"काही नाही. गाडी लागली."

तो पळत जाऊन गाडीत चढला. ती मात्र दिवसभर गालाला हात लावून कागदपत्रं चाळत बसली, आणि पथकातल्या लोकांना वाटलं मॅडमची दाढ दुखतेय.

त्यानंतर सातचा चहा रोजचाच झाला. तो तिला एक कन्नड शब्द द्यायचा, ती त्याला एक गोष्ट. पाकीटमार कोणत्या बोटांनी काम करतो, खोटं बोलणारा माणूस आधी कुठं बघतो. तो विचारायचा, "मग मी कुठं बघतोय आत्ता?" ती उत्तर द्यायची नाही, कारण तो तिच्याकडंच बघत असायचा. तो हसला की डाव्या गालाला खळी पडायची. नेमकी डाव्या. नेमकी तिथंच, जिथं तिची बोटं उमटली होती... आणि खळी बघून हरखलेलं तिचं मन पुढच्याच क्षणी शरमेनं मान खाली घालायचं. बंद रोज पर्समध्ये असायचा. रोज द्यायचा ठरायचा, आणि दिला की चहाला यायचं कारण संपेल म्हणून रोज राहायचा.

सहाव्या की सातव्या सकाळी तिचं लक्ष त्याच्या बोटांवर गेलं.

"काल शाळा होती?"

"होती की."

"आणि परवा?"

"परवा पण. का?"

"मग नखं स्वच्छ कशी? खडू कुठं गेला?"

तो दुसरीकडं बघायला लागला. खोटं बोलणारा माणूस आधी जिथं बघतो, तिथं. मग त्यानं सावकाश मोबाइल काढून एका कागदाचा फोटो तिच्यापुढं धरला. व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पोचला होता. पालकांनी शाळेत येऊन गोंधळ घातला, चोर मास्तर आमच्या पोरांना नको म्हणाले. संस्थेनं पोलिसांकडं लेखी खुलासा मागितला. खुलासा आला, तो हा. संशयावरून ताब्यात घेतले, चौकशी करून सोडून दिले. तिचंच वाक्य, खाली ठाण्याचा शिक्का.

"बापूसाहेबांनी चारदा वाचला," मल्लिनाथ म्हणाला. "म्हणाले, सोडून दिलं असं लिहिलंय रे पोरा. सोडतात ते धरलेल्याला. काही केलंच नव्हतं असं कुठं लिहिलंय? चार दिवस झाले, वर्गावर जाऊ नको म्हणालेत. स्नेहसंमेलन झालं की त्याच संध्याकाळी बैठक आहे."

"आणि तुम्ही रोज सकाळी इथं..."

"अव्वाला सांगितलेलं नाही. डबा घेऊन निघतो, इथं बसतो, दुपारी चारला घरी." तो हसायचा प्रयत्न करत होता. खळी पडली नाही. "सर आता कुणाच्याच कडे नाहीत."

"मला का नाही सांगितलंत?"

"चहा कडू झाला असता ना."

ती उठली ती सरळ पोलीस निरीक्षक दिग्विजय साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवून समजावलं. व्हिडिओ लोक विसरतील. तू परिविक्षेत आहेस. निरपराध माणसाला सगळ्यांदेखत मारलं असं स्वतःच्या सहीनं दिलंस, तर तो कागद जन्मभर तुझ्या सेवापुस्तकाला चिकटून राहील, चौकशी लागेल, पथक तर जाईलच, कदाचित नोकरीही. आणि ती शाळा, ते लोक, त्यांचं ते बघतील. साहेबांनी शेवटी विचारलं, दहावीपासूनचं स्वप्न ना हे तुझं?

होतं. तिनं मान हलवली, बाहेर आली, आणि घरी जाऊन युनिफॉर्मला इस्त्री केली.

स्नेहसंमेलन दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. शाळेच्या मैदानावर मांडव, उसाच्या गाड्यांचा धुरळा, पहिल्या रांगेत गावकरी, मागं बाया. खाकी वर्दीतली उत्कर्षा फाटकातून आत आली आणि मांडवात कुजबुज उठली, वाघीण आली. बापूसाहेब स्वतः लगबगीनं पुढं आले. साठीला टेकलेला, जाड चष्म्याचा, भला माणूस. त्यांनी तिला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. तिला नको म्हणायलाही सुचलं नाही. मल्लिनाथ लांब, शेवटच्या खांबाला टेकून उभा होता. तिला बघून त्यानं नकारार्थी मान हलवली. नको, असं. काही बोलू नका, असं.

विविध वेशभूषा सुरू झाली. एक शिवाजी झाला, दोन भाजीवाल्या झाल्या. मग तिसरीतली पूनम आली. खाकी फ्रॉक, पुठ्ठ्याची टोपी, हातात छडी. माइकवर तोंड टेकवून ती म्हणाली, "मी सोलापूरची वाघीण." मग छाती काढून ओरडली, "सर काढ!" आणि हवेत सणसणीत एक चपराक मारली.

मांडव टाळ्यांनी फुटला. आणि मग, एकेक करून, लोकांच्या माना मागं वळल्या. शेवटच्या खांबाकडं. टाळ्या मधेच विरल्या. पूनमला कळेना काय चुकलं. तिनं पहिल्या रांगेतल्या खऱ्या वाघिणीला बघितलं आणि दणकन सॅल्यूट ठोकला.

उत्कर्षाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. हारातली झेंडूची फुलं गळ्याला टोचत होती. तिनं तो हार काढून खुर्चीवर ठेवला, स्टेजवर गेली, पूनमच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि माइक हातात घेतला. तोच हात.

"मी उत्कर्षा मेटकरी," ती म्हणाली. "त्या व्हिडिओत चोर नाही. त्या दिवशी चोरीच झाली नव्हती. आजींची माळ आजींच्याच चंचीत होती. तुमच्या सरांना मी धरलं ते एका वाक्यावरून. ते आईला सांगत होते... सर नन् कडे, चिंती माडब्याड."

कन्नड येत नाही असं त्या गावात कोण होतं! सगळ्या मांडवाला क्षणात कळलं. मागच्या बायांत हसू फुटलं, आणि लगेच दाबलं गेलं.

"तुम्हाला लगेच कळलं," ती म्हणाली. "मला नाही कळलं. मला कळून घ्यायचंच नव्हतं, मला चोर पाहिजे होता. त्यांनी नीट उत्तरं दिली, लोक हसले, आणि मला राग आला म्हणून मी मारलं. नंतर कळलं तरी माफी मागितली नाही. 'सोडून दिले' असं लिहिलं. काही केलंच नव्हतं, असं लिहायला मला लाज वाटली. आज ते लिहून आणलंय, सहीसकट." तिनं शेजारी बघितलं. "पूनम, तू काम छान केलंस. पण माझ्यासारखी होऊ नकोस गं. आधी हात बघायचे. त्यांच्या हाताला खडू होता."

मग ती उभी राहिली, मांडवाच्या त्या टोकाकडं तोंड करून.

"मल्लिनाथ सर, मला माफ करा."

मोबाइल वर झाले होते, या वेळी चाळीसच्या वर. बापूसाहेबांनी तिच्या हातातला कागद घेतला, वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग ते मांडवाच्या मधून चालत शेवटच्या खांबापर्यंत गेले. म्हाताऱ्याचा आवाज माइकशिवायही सगळ्यांना ऐकू आला.

"ना निन् कडे, मल्लिनाथ. तुझ्या बाजूनं आहे, हे मागंच म्हणायला पाहिजे होतं मी."

ती फाटकाबाहेर गाडीची वाट बघत उभी होती, तेव्हा तो मागून आला. समोर ऊस उभा होता. तुरे आलेले, वाऱ्यावर डोलत होते.

"मला आधी विचारायचंत की," तो म्हणाला.

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालोच की. मान हलवली."

"मला तुमची भाषा नीट येत नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिनं पर्स उघडली, वीतभर पांढरी पट्टी त्याच्यापुढं धरली. "हा तुमचा... मी उगाच ठेवला."

त्यानं पट्टी घेतली, उलटसुलट बघितली. मग तिचा हात धरला, तोच हात, उजवा, आणि पट्टी पुन्हा तिच्या तळव्यावर ठेवून बोटं एकेक करून मिटवली.

"पुढच्या गड्ड्याच्या जत्रेला लागेल. तोवर राहू दे."

"आणि तोवर तुम्ही?"

"अकरावर भागवतो."

ती हसली, आणि रडलीही. गाडी आली तरी तिला कळलं नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

त्या दुसऱ्या व्हिडिओला पहिल्याच्या निम्मीही माणसं मिळाली नाहीत. लोक चुकीला जेवढे धावतात तेवढे दुरुस्तीला धावत नाहीत. पण मल्लिनाथ कायम झाला. उत्कर्षाच्या सेवापुस्तकात लाल शाईत नोंद झाली, पथक गेलं आणि ती नियंत्रण कक्षात फोन उचलायला बसली. दिवसभर लोकांच्या हाका, रडणी, अर्धवट वाक्यं. मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू. सुरुवातीला तिला ही शिक्षा वाटली. मग ती ऐकायला शिकली. समोरच्याला एकदा ज्यादा विचारायचं, म्हणजे काय, नेमकं म्हणजे काय? सातचा चहा चालूच होता. रोज एक कन्नड शब्द चालूच होता, आणि काही शब्द असे होते की जे तो नुसते बघून शिकवायचा. डिसेंबरात दिग्विजय साहेबांनी तिला बोलावलं आणि पथकात परत घेतलं. कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, आता कान तयार झालेत म्हणे तुझे.

आणि पुन्हा संक्रांतीच्या आदल्या दिवसाची दुपार. पुन्हा सगळं मैदान पांढरं. मोठ्या पाळण्यामागं, त्याच जागी, मल्लिनाथ उभा. छातीवर अकरा बंद, एका ठिकाणी नुसतं फाटकं कापड. आई वर्षभर मागं लागलेली, दे शिवून टाकते म्हणून. यानं दिली नव्हती.

उत्कर्षा आली ती निळ्याच ड्रेसमध्ये. वर्दीचं बटण तुटलं तर असावी म्हणून ठेवलेली सुई-दोऱ्याची डबी पर्समध्ये होती. बंदही होता. मेंढराची लोकर कातणाऱ्या घरातली असून टाके तिला धड येत नव्हते, वाकडेतिकडे पडत होते. पण तो इतका स्थिर उभा होता, जणू श्वास घेतला तर सुई टोचेल. तिचे केस त्याच्या हनुवटीला लागत होते. लांबून "हर्र बोला हर्र"चा गजर येत होता.

त्याचा फोन वाजला. त्यानं एका हातानं कानाला लावला.

"हां, अव्वा..." तो हळूच म्हणाला. "मॅडम नन् कडे. चिंती माडब्याड."

सुई थांबली. उत्कर्षानं मान वर केली नाही. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं. "नेमकं म्हणजे काय? तुमच्याजवळ, की तुमच्या बाजूनं?"

"तुम्ही पोलीस. करा की चौकशी."

तिनं शेवटचा टाका घातला. दोरा तोडायला कात्री नव्हती, म्हणून आणखी वाकली, त्याच्या छातीशी तोंड नेऊन दातानं तोडला. आत काहीतरी धडधडत होतं. तिनं सावकाश ते ऐकून घेतलं, पुन्हा एकदा ऐकून घेतलं, आणि मग बाराव्या बंदाची गाठ मारत म्हणाली,

"चौकशी झाली. पण या वेळी सोडून देणार नाही."